कोदो कुठं गेला?

आमच्या बाबूजींना मनातल्या मनात वाचता येत नसे. वर्तमानपत्र असो, कचेरीचा हुकूम असो, नाहीतर गुळाच्या पुडीचा कागद, ते सगळं मोठ्यानेच वाचत. आणि त्यांचं मोठ्याने म्हणजे काय, तर रविवारी आमच्या ओसरीवर वाचलेली बातमी मागच्या गल्लीतल्या लोकांना पेपर न घेता मिळे. बाबूजी म्हणजे शालिकराम नाझर, बालाघाटच्या कचेरीतले वरिष्ठ कारकून. कलेक्टर येत आणि जात, नाझर तिथेच राहत. पण नोकरी लागायच्या आधी खैरलांजीकडच्या आमच्या गावी ते खड्या गमतीच्या फडात डफ घेऊन उभे राहायचे. खडी गंमत म्हणजे आमच्याकडची सवाल-जवाबाची शाहिरी. एक फड तुऱ्याचा, म्हणजे बाबूजींचा, दुसरा कलगीचा, आणि भांडण दिवसभराचं. नोकरीमुळे बाबूजींचा डफ सुटला, आवाज काही सुटला नाही.

अशा माणसाशी मी रोज वाद घालत होते आणि रोज हरत होते.

वाद एकच होता. १९६४ साल. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि मला पुढे जबलपूरला जाऊन, मुलींच्या वसतिगृहात राहून एम.ए. करायचं होतं. बाबूजींचं म्हणणं, बी.ए. झालं म्हणजे लय झालं. लांजीचं स्थळ आपण होऊन चालत आलंय, मुलगा पटवारी आहे, वैशाखात बार उडवून टाकू.

"काहून नाही जाऊ द्यायचं, ते तं सांगा," मी म्हणायचे.

"नाही म्हणजे नाही. त्याले कारण कायले पायजे?"

"कारण नसन तं मी जाईन."

"शेवंता! पाहून घे, पोट्टी काय बोलून राह्यली!"

माझी माय चुलीपाशून शांतपणे सांगे, "तुमचीच हाय. माह्या माहेरी असं कोणी बोलत नाही." मग बाबूजी आवाज चढवत, मी चढवी, आणि माझा आवाज जिथे संपे तिथे त्यांचा सुरू होई. मी पाय आपटत आत जाई. माझा संताप नाकाच्या शेंड्यावर असतो, तेव्हाही होता.

कॉलेजात आम्हाला गुणाकर सर निबंध शिकवत. मफलर गुंडाळलेला सडपातळ माणूस, बोलणं इतकं हळू की पहिल्या बाकावर बसावं लागे. जबलपूरच्या कॉलेजातलं त्यांना सगळं माहीत होतं. ते म्हणाले, "अर्जासोबत तुमचा एक निबंध जोडावा लागतो. वसतिगृहात जागा मूठभर, मागणाऱ्या पुष्कळ. तुम्हाला एखादा मुद्दा मांडून तो पटवता येतो का, एवढंच ते पाहतात. विषय तुमचा तुम्ही घ्या. मात्र असा घ्या, ज्यावर तुमचं कुणाशी तरी खरोखरीचं भांडण आहे."

माझ्याकडे भांडण तयारच होतं. 'मुलींनी शिक्षणासाठी घर सोडावे काय?' असं वर लिहून मी एका बैठकीत निबंध संपवला. 'काही जुनाट बुद्धीचे लोक मुलींच्या शिक्षणास विरोध करतात. त्यांना जगाचे ज्ञान नसते. ते रूढीचे गुलाम असतात.' असं बरंच. लिहिताना माझे कान तापले होते. शेवटचं वाक्य झालं तेव्हा वाटलं, झालं, आता जबलपूरवाले स्वतःच मला न्यायला येतात.

गुणाकर सरांनी निबंध परत दिला. "भाषा चांगली आहे," ते म्हणाले. "आवेश तर फारच चांगला. पण मला सांगा, हे जुनाट बुद्धीचे लोक कोण?"

"असतात, सर."

"तुम्ही एखादा पाहिलाय?"

"आमचे बाबूजी."

"त्यांना जगाचं ज्ञान नाही?"

जिल्ह्यातलं असं एक गाव नव्हतं जिथली भांडणं बाबूजींना ठाऊक नव्हती. "आहे," मी म्हटलं.

"रूढीचे गुलाम आहेत?"

"त्यांनीच मला बी.ए.पर्यंत शिकवलं. आमच्या नात्यात कुणी मुलीला चौथीच्या पुढे पाठवलं नव्हतं."

"मग या निबंधात ते कुठेच नाहीत," सर म्हणाले. "तुम्ही वावरात बुजगावणं उभं केलंत आणि त्याला काठीने बडवून काढलंत. वावराचा मालक तिकडे ओसरीवर पान चघळत बसलाय. त्याला पत्ताही नाही." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवले. "आधी त्यांची बाजू लिहा. ते मांडतील त्याहून चांगली लिहा. मग तुमची."

"ते मांडतच नाहीत सर. नाही म्हणजे नाही, एवढंच म्हणतात."

"मग शोधा. दिवाळीच्या सुट्टीनंतर आणून दाखवा."

घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात सरांना नाही नाही ते बोलून घेतलं. मला बापाविरुद्ध जिंकायचंय आणि हा गृहस्थ मला बापाचीच वकिली करायला सांगतोय! म्हणजे आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा. पण निबंध सरांच्या शिफारशीनेच जाणार होता. अडला हरी, दुसरं काय.

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. धान कापणीला आलेलं असतं, पाहुण्यांनी घरं भरलेली असतात, जिलेबीच्या कढया, बांगड्यांची दुकानं, फुटाणे, ऊस, आणि चिंचेखाली खडी गंमत. आमच्या गावच्या मंडईला बाबूजी दरसाल जात, कारण गमतीचे पंच तेच. त्या वर्षीही आम्ही तिघं गेलो.

आम्ही चिंचेखाली पोचतो न पोचतो तोच माझे महागू काका, बाबूजींचे धाकटे भाऊ, शाळेतली खुर्ची डोक्यावर घेऊन आले. गावात हाताची खुर्ची ती एकच होती.

"बसा दादा."

"राहू दे ना महागू. मी इथंच बसतो, चटईवर."

"नाही, नाही. तुम्ही साहेब लोक. कपडे भरन."

बाबूजी खुर्चीवर बसले. खाली चटईवर काका आणि गावातली त्यांच्या वयाची सगळी माणसं बसली होती, मध्ये धोतराच्या फडक्यावर मुरमुऱ्यांचा ढीग, आणि सगळ्यांचे हात त्यात. बाबूजींना वेगळ्या बशीत मुरमुरे आले. कपात चहा आला. खाली कुणीतरी काहीतरी बोललं, सगळे हसले, बाबूजींनी वाकून विचारलं, "काय? काय झालं?" तर काका म्हणाले, "काही नाही दादा, तुम्ही चहा घ्या."

हे मी दरसाल पाहत आले होते आणि दरसाल मला वाटे, काय आमच्या बाबूजींचा मान! त्या दिवशी मात्र माझ्या डोक्यात सरांचं 'शोधा' होतं, म्हणून मी नीट पाहिलं. बाबूजींना बशी कुठे ठेवावी कळत नव्हतं. एवढा मोठा आवाज असलेला माणूस, पण त्या खुर्चीवर त्यांचा आवाजच निघत नव्हता.

पंच म्हणून उठून उभे राहिले तेव्हा कुठे ते पुन्हा आमचे बाबूजी झाले.

"ऐका!" ते गरजले, आणि जिलेबीवाल्याचा झारा थांबला. "रीत सांगून देतो, मंग कटकट नाही पायजे. समोरच्यानं सवाल टाकला, का तो आधी पुराच्या पुरा म्हणून दाखवायचा. सवालवाला 'हौ, हाच माहा सवाल' म्हणन, तेव्हाच जवाब. अन् एकदा हौ म्हटलं, का जवाब संपेस्तोर जागचं उठायचं नाही. शेंडी तुटो का पारंबी तुटो!"

तुऱ्याचा फकिरा शाहीर पुढे आला. बी मोठं की वावर मोठं, असा त्याचा सवाल होता. बोटात डफ फिरवत त्यानं म्हटलं:

"बी नसेल तर वावर कोरं,
धान कुठून तू आणशील?
वावर तेच, कोदो पेरला,
कोदोच घरी तू नेशील!"

लोकांनी माना डोलावल्या. खरंच होतं. त्याच मातीत धान पेरलं तर धान येतं, कोदो पेरला तर कोदोचं जाडंभरडं अन्न. माती काय करणार? आता कलगीवाल्या भैयालाल शाहिरानं सवाल परत म्हणायचा होता. त्यानं पहिल्या दोन ओळी झोकात म्हटल्या आणि डफावर थाप मारून थेट जवाबाकडे वळला.

"थांब!" बाबूजी खुर्चीवरून उठले. "कोदो कुठं गेला?"

"म्हटलं ना, नाझरसाहेब, बी नसन तं..."

"ते म्हटलं. कोदो कुठं गेला? जे लागते तेच गिळलं का तुनं? कोदो आण आधी, मंग जवाब दे!"

मंडई हसून हसून लोटपोट झाली. भैयालालही हसला, कान पकडले, आणि या वेळी कोदोसकट सगळा सवाल म्हणाला, फकिरापेक्षाही गोड म्हणाला. फकिरानं खूश होऊन हात वर केला. "हौ! हाच माहा सवाल!" आणि मांडी घालून बसला, कारण आता उठायची सोय नव्हती. मग भैयालालनं जवाब दिला:

"कोठीत ठेवलं बी तुझं ते
उंदीर मामा जेवेल.
धान की कोदो, मातीत जाता
तेव्हाच जगा ते कळेल!"

टाळ्या पडल्या. मी मात्र टाळी वाजवायची विसरले. कोदो मीही गिळला होता. बाबूजींच्या बाजूचं जे सगळ्यात लागणारं होतं, तेच मी माझ्या निबंधातून गाळलं होतं. आणि ते काय होतं, ते अर्ध्या तासापूर्वी मुरमुऱ्यांची बशी हातात घेऊन माझ्या डोळ्यांसमोर बसलेलं होतं.

परतताना बैलबंडीत बाबूजी पुढे बसले होते, माय आणि मी मागे. मी हळूच विचारलं, "माय, बाबूजीले खुर्ची आवडत नाही, तं बसते काहून?"

"तुहा काका चटईवर बसू देते का?" माय म्हणाली. "एका ताटात जेवत होते दोघं भाऊ. हे शिकायले बालाघाटले गेलते. मॅट्रिक होऊन घरी आले, तं ताट येगळं वाढलं. कोणी काही बोललं नाही, बाप्पा. मान म्हणून वाढलं. हे त्या दिवशी धड जेवले नाही." मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू जबलपूरले जाशीन, तं घरी कोण वापस येईन, हे भेव हाय त्याईले. तोंडानं नाही बोलत."

रोज माझ्याशी भांडणारा हा माणूस मला गमावायला घाबरत होता, आणि मी त्याला जुनाट बुद्धीचा म्हणून मोकळी झाले होते.

घरी येऊन मी नव्याने लिहायला बसले. आधी बाबूजींची बाजू. फार विचित्र अनुभव होता तो. जसजशी लिहीत गेले तसतशी ती बाजू इतकी चांगली होत गेली की अर्ध्यावर मलाच वाटायला लागलं, मरू दे ते जबलपूर, आपण इथेच राहावं. मी घाबरून कागद बाजूला ठेवला, मायच्या हातचे दोन अनरसे खाल्ले आणि परत बसले. आता माझ्या बाजूला असा जवाब हवा होता जो या सवालाला पुरून उरेल. आधीचा माझा एकही मुद्दा तिथे टिकेना. 'शिक्षणाने प्रगती होते' हे वाक्य त्या खुर्चीसमोर ठेवून पाहिलं, अगदीच पोचट वाटलं. दोन दिवस डोकं खाजवलं, तिसऱ्या दिवशी जवाब सापडला, आणि तोही बाबूजींच्याच पदरातून.

अर्जावर पालकांची सही लागणार होती. रविवारी दुपारी बाबूजी ओसरीवर होते, सोबत शेजारचे बाबूलाल मास्टर. हे हिंदी शाळेत शिकवत, मराठी सगळी समजे, बोलत मात्र हिंदीच. मी अर्ज आणि निबंध पुढे ठेवला आणि म्हटलं, "सही पायजे."

"कायची सही? मी हो म्हटलं का?"

"नाही म्हणायचं तं वाचून म्हणा."

हा वार बरोबर बसला. वाचल्याशिवाय कागद परत करणं हे नाझराच्या धर्मात बसत नव्हतं. त्यांनी चष्मा चढवला, घसा खाकरला आणि मागच्या गल्लीला ऐकू जाईल असं सुरू केलं:

"'मुलींनी शिक्षणासाठी घर सोडावे काय? जो शिकायला घर सोडतो, तो घरी पाहुणा म्हणून परततो. घर त्याला हाकलत नाही. उलट त्याला मान देते. त्याच्यासाठी खुर्ची आणते, ताट वेगळे वाढते, 'तू'चे 'तुम्ही' करते. आणि जितका मान वाढतो, तितका तो पंगतीतून उठत जातो.'"

बाबूजींचा आवाज जरा खाली आला.

"'ज्या बापाने हे स्वतः सोसले, तो मुलीला जाऊ नको म्हणतो तेव्हा तो शिक्षणाचा वैरी नसतो. त्याला...'"

इथे ते थांबले. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. जन्मात पहिल्यांदा मी बाबूजींना मनात वाचताना पाहिलं. पुढचं वाक्य मला पाठ होतं: त्याला आपली लेक आपल्याच ओसरीवर पाहुणी म्हणून बसलेली बघायची नसते.

"आगे क्या लिखा है, नाझरसाहेब?" बाबूलाल मास्टरांनी विचारलं.

बाबूजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि ते वाक्य मोठ्याने वाचलं. मग मांडीवर थाप मारली. "हौ! हाच माहा सवाल! ऐकलं का शेवंता? पोट्टीले समजलं! मी सांगत होतो ना, समजन म्हणून!" त्यांचा चेहरा असा फुलला होता की मलाच गलबलून आलं. ते उठून चपला शोधू लागले. "चला मास्टर, पान खाऊ. संपला झगडा."

"बाबूजी, पान उलटा," मी म्हटलं. "जवाब मागच्या बाजूले हाय."

"कायचा जवाब?"

"तुम्ही हौ म्हटलं."

बाबूजींचा एक पाय चपलेत होता, एक बाहेर. दारात उभी असलेली माय पदर सावरत इतकंच म्हणाली, "शेंडी तुटो का पारंबी तुटो."

बाबूजी खाली बसले. भर मंडईत त्यांनी स्वतः सांगितलेली रीत होती ती, मोडतात कुठे! त्यांनी पान उलटलं आणि वाचू लागले. हळू वाचायचा त्यांनी प्रयत्न केला, पण ते काही त्यांना जमण्यातलं नव्हतं.

"'हा सवाल खरा आहे, म्हणून त्याचा जवाब सोपा नाही. पण याच बापाने मुलीसाठी लांजीचे स्थळ पाहिले आहे. लांजीला गेलेली मुलगी दिवाळीला येईल तीही पाहुणी म्हणूनच. तिलाही वेगळा पाट मिळेल, आणि तिचा परत जाण्याचा दिवस ती येण्याआधीच ठरलेला असेल. घर सुटणार ते दोन्हीकडे. मग दुरावा नको म्हणून जबलपूरला नाही म्हणणे आणि लांजीला हो म्हणणे, याचा मेळ कसा बसवावा?'"

"वाह!" बाबूलाल मास्टर म्हणाले आणि बाबूजींनी डोळे वटारल्यावर तोंडात सुपारी टाकून गप्प बसले.

"'दुसरे. शिकलेला माणूस पाहुणाच होतो, हे तरी पुरते खरे आहे काय? आमच्या गावच्या मंडईला एक माणूस बालाघाटहून येतो. त्याला खुर्ची मिळते. पण तो पोचल्याशिवाय डफावर थाप पडत नाही. दोन्ही फड ताटकळत बसतात. पाहुण्यासाठी कुणी गंमत थांबवत नाही, थांबवतात ती घरच्या माणसासाठी. खुर्ची त्याला गावाने दिली. तिच्यावरून उठून चटईवर बसणे मात्र त्याच्याच हाती आहे.'"

वाचन संपलं. मी नखं खात उभी होते. माझं जबलपूर, माझं पुढचं सगळं आयुष्य त्या क्षणी बाबूजींच्या जिभेवर होतं.

"अब जवाब दो, नाझरसाहेब," बाबूलाल मास्टर हळूच म्हणाले.

"देतो! काहून नाही देत!" बाबूजी ताडकन उठले. कमरेवर एक हात, दुसरा हवेत, नसलेला डफ धरल्यासारखा. "ऐक पोट्टे..."

"आधी सवाल," माय दारातून म्हणाली. "पुराच्या पुरा."

बाबूजींनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू घरातच फितुरी निघाली. पण रीत ती रीत. त्यांनी सुरुवात केली. "हे पोट्टी म्हणते, का मले गावात खुर्ची भेटते. पण मी गेल्याबिगर गंमत सुरू होत नाही. म्हणून मी पाहुणा नाही. बरं. आता याचा जवाब..."

"बाबूजी," मी म्हटलं, "कोदो कुठं गेला?"

बाबूलाल मास्टरांना ठसका लागला. ते त्या मंडईला आले होते. बाबूजी लाल झाले, मग मिशीतल्या मिशीत हसू आवरत म्हणाले, "कोणता कोदो?"

"लांजीचा. तो गिळला तुम्ही."

"बरं, बरं! आणतो तुहा कोदो!" आणि त्यांनी पुन्हा सुरुवात केली, या वेळी पहिल्यापासून, आणि शाहिराच्या आवाजात. लांजीची पाहुणी आली, वेगळा पाट आला, परत जायचा ठरलेला दिवस आला. मी सरळ साधी वाक्यं लिहिली होती. त्यांच्या गळ्यातून ती अशी निघाली की माय डोळ्यांना पदर लावून उभी राहिली. मी जिथे अडखळले होते तिथे ते अडखळले नाहीत. बोलता बोलता ते तापले, ओसरीवर येरझाऱ्या घालू लागले.

"अन् ऐका!" ते म्हणाले. "या पोट्टीनं एक गोष्ट सोडली. तिले माहीतच नाही तं लिहीन कशी! माहा बाप मले बालाघाटले जाऊ देत नव्हता. तोही म्हणे, नाही म्हणजे नाही. मी भांडून गेलतो. अन् गेलो नसतो, तं इले शिकवलं असतं कोणं? इले शिकवलं नसतं, तं बापाले असं तोंडावर पुसलं असतं कोणं? मी शिकलो म्हणून शिकवलं, शिकवलं म्हणून हे माह्यासंग भांडते! दूर गेली का ते? सांगा ना! माह्या घरात माह्या इतक्या जवळ दुसरं कोण हाय?"

बोलून झालं आणि आपण काय बोललो ते त्यांच्याच कानांवर पडलं. हात हवेत तसाच राहिला.

"हौ," मी म्हटलं. "हाच माहा सवाल."

आता जवाब बाबूजींकडे होता. आम्ही तिघं वाट बघत होतो.

"शेवंता, चहा ठेव," ते म्हणाले.

"और जवाब?" बाबूलाल मास्टर सोडायला तयार नव्हते.

"अरे, जवाब असता तं चहा मागितला असता का!" बाबूजी खेकसले, आणि मग असे हसले की आमची गाय खुंट्यापाशी बिचकली. त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं. अर्जावर वाकून एकेक अक्षर म्हणत लिहिलं, "शा-लि-क-राम." सहीसुद्धा त्यांनी मोठ्यानेच केली.

"लांजीवाल्याइले काय सांगू आता?" त्यांनी मान वर करून विचारलं.

"सांगा, पोट्टी कलगीवाली निघाली," माय आतून म्हणाली.

मी बाबूजींचा तो मुद्दा निबंधाच्या शेवटी घातला. इतका चांगला मुद्दा सोडते थोडीच! सुट्टीनंतर गुणाकर सरांनी निबंध वाचला, परत वाचला, आणि शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवलं. "सगळ्यात भक्कम हा आहे. पण हा तुमचा वाटत नाही. कोणाचा?"

"विरोधी पक्षाचा, सर."

हळू बोलणारे आमचे सर त्या दिवशी मोठ्याने हसले. निबंध जबलपूरला गेला, वसतिगृहात जागा मिळाली, आणि पुढच्या जुलैमध्ये छोट्या लाइनीच्या गाडीत मला बसवताना बाबूजींनी सबंध डब्याला ऐकवलं की ही आमची पुष्पलता, हिच्याशी वाद घालू नका, हराल.

त्या दिवाळीला मी जबलपूरहून थेट मंडईलाच आले. चिंचेखाली महागू काकांनी खुर्ची आणून ठेवली होती, आणि तिच्या शेजारी पाटलांकडून आणलेली आणखी एक, बिनहाताची. "बसा बाई," ते मला म्हणाले. माझं नाक पुसून मला खांद्यावर फिरवणारे माझे काका मला 'बसा' म्हणाले.

मी सरळ चटईवर काकूंना खेटून बसले आणि मुरमुऱ्यांच्या ढिगात हात घातला.

"कपडे भरन!" चटईवर बसता बसता काका ओरडले.

"भरू दे," मी म्हटलं.

बाबूजी आपल्या खुर्चीपाशी उभे होते. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग धोतर सावरलं, गुडघ्यांची कडकड करत खाली बसले, अगदी काकांच्या आणि माझ्यामध्ये, आणि मुरमुऱ्यांची मूठ भरली. काकांना काय करावं कळेना. ते खुर्चीकडे बघत राहिले, मग भावाकडे. त्यांच्या मांडीवर बाबूजींचा गुडघा आला होता.

"दादा," काका शेवटी म्हणाले, "सरक ना जरा. पुरा मांडीवर बसला तू."

बाबूजी सरकले. त्यांनी मान खाली घालून मुरमुरे चावले, जरा जास्तच वेळ चावले. मग तोंड वर करून चिंचेवरचे पक्षी उडतील अशा आवाजात ओरडले, "वाजवा डफ! वाट कायची पाहून राह्यले?" दोन्ही खुर्च्या तशाच रिकाम्या होत्या. थोड्या वेळाने तुणतुणेवाल्याने त्यांवर आपली पिशवी आणि पागोटं ठेवलं.